गबदूच्या कपाटाची मूठ

संग्रहालयात तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत. तिचं काम खरं तर आलेल्या वस्तूंची नोंद करायचं. पण नाव, वर्ष, लांबी-रुंदी लिहून मोकळं व्हायचं हे तिला कधी जमलंच नाही. जुना टेलिफोन आला की त्यावर शेवटचं कोण कोणाशी बोललं असेल, इथून तिची सुरुवात. साहेब वैतागून म्हणत, “बाई, आपल्याला या वस्तू ठेवायच्यात. त्यांच्या सोयरिकी नाही जुळवायच्या.” चौकशी मान डोलवायची आणि पुढचा प्रश्न विचारायची.

त्या आठवड्यात तिच्या टेबलावर एक कॅसेट होती. टीव्हीला जोडायच्या जुन्या गेमची, तळहाताएवढी, पिवळट पडलेली. वरच्या चित्रात एक पाणघोडा पाठीवर लाकडी कपाट घेऊन निघाला होता. हा गबदू. सव्वीस वर्षांपूर्वी संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी त्याचं कार्टून लागायचं. तेरा भाग झाले आणि बंद पडलं. त्यावरून एक गेम निघाला, दोनशेच कॅसेटी बनल्या, आणि आता तीनच उरल्याचं जाणकार सांगत. त्यातल्या दोन हौशी लोकांच्या काचपेटीत होत्या. ते लोक कॅसेटीला स्वतःचा श्वाससुद्धा लागू देत नसत, मग खेळणं तर लांबच. तिसरी ही.

आता देणगीदार म्हटला की तो आपल्या वस्तूची आरती ओवाळणार. अत्यंत दुर्मिळ, घराण्यातली, असं काहीबाही लिहून पाठवणार. या कॅसेटीबरोबरच्या चिठ्ठीत मात्र एकच ओळ होती: ‘कार्डावर या गेमची नोंद अपूर्ण अशी करावी.’ आणि चिठ्ठी लिहिणारी बाई कोण, तर गबदू जिने काढला तीच चित्रकार.

“लिहून टाका अपूर्ण,” साहेब म्हणाले. “शुक्रवारी कार्डं छापायला जातायत. त्यानंतर कॅसेटची काचपेटी सील. मग कोणी हात लावायचा नाही.”

आपल्याच लेकराला कोणी नापास करून घेतं का? चौकशीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

मेकॅनिक हा संग्रहालयातला यंत्रांचा माणूस. बोलायला कमी, चिडायला लवकर. त्याने बजावलं, “कॅसेट तीनदा लावू देईन, दर वेळी एकच डाव. चौथ्यांदा मागायची नाही. तिचे जोडणीचे दात झिजतात. आणि आत फुंकर मारायची नाही. लहानपणी सगळ्यांनी मारल्यात, म्हणून सगळ्या गंजल्यात.”

पहिल्या बैठकीत चौकशी तिसऱ्या लेव्हलला गारद झाली. दुसऱ्या बैठकीपर्यंत तिचा हात बसला. गबदू पाठीवरच्या कपाटासकट धपाधपा उड्या मारायचा. कुंड्या चुकवायच्या, भुंकणारी कुत्री चुकवायची, ओल्या फरशीवर घसरायचं नाही. कोपऱ्यातलं घड्याळ नव्वदपासून उलटं मोजायचं, पण पाचही लेव्हल ते निम्म्यावर यायच्या आत संपत. मग आली सहावी. रस्ता खणलेला, अर्ध्या पडद्याएवढा खड्डा, पलीकडे एक बंद दार आणि दारावर घराचा नंबर. चौकशीने उडी मारली. गबदू खड्ड्यात. पळत येऊन मारली, खड्ड्यात. अगदी काठावरून मारली, तरी खड्ड्यातच.

त्या काळच्या एका मासिकात गेमची माहिती आली होती. मेकॅनिकने कुठून तरी ती शोधून काढली. लिहिणाऱ्याने गेमची पार सालटं काढली होती. शेवटची उडी कोणाच्या बापालाही मारता येणार नाही, कंपनीने गेम अर्धवट सोडलाय, वेळ संपायच्या आत हात टेका आणि टीव्ही बंद करा, असा एकूण सूर होता.

“संपला विषय,” मेकॅनिक म्हणाला.

पण एक गोष्ट झाली होती. सहाव्या लेव्हलला एकदा टेबलावरचा फोन वाजला. चौकशीने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि फोन उचलला. पडद्यावर घड्याळात आठ उरले होते. संगीत पिसाळल्यासारखं धावत होतं, वरून दगड पडत होते, लाल दिवे लुकलुकत होते. त्या गोंधळात गबदूचं तोंड उघडल्यासारखं तिला वाटलं. तिने फोन टाकून कंट्रोलरवर झडप घातली, उडी मारली आणि नेहमीप्रमाणे खड्ड्यात गेली.

“त्याने तोंड उघडलं,” ती म्हणाली.

“टीव्ही जुनाय. चित्र थरथरतं,” मेकॅनिक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चित्रकार बाईंकडे गेली. तिसरा मजला, जिन्यात कुणाच्या तरी सायकली, आणि दारातच रंगांचा वास. बाई साठी कधीच ओलांडलेल्या, केस कात्रीने घरीच कापलेले. बसा म्हणायच्या आत त्यांनी चहा टाकला होता, गाळला होता आणि त्यांचा स्वतःचा पिऊनही झाला होता. एक पाय जरा ओढत चालायच्या, पण त्या पायानेही त्यांची घाई कमी झालेली दिसत नव्हती. चौकशीने त्यांना मावशी म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

“मावशी, अपूर्ण का लिहायचं?”

“कारण अपूर्ण आहे. माझी एकेचाळीस चित्रं त्यात नाहीत.”

मग सगळं बाहेर आलं. गेम लिहिणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. कार्टून अचानक बंद पडलं तेव्हा पोरांची पत्रं येत राहिली, की गबदूने कपाट कुठे पोचवलं, कपाटात होतं काय. मावशींनी ठरवलं, उत्तर गेममध्ये द्यायचं. त्यासाठी त्यांनी शेवटचा प्रसंग काढला. एकेचाळीस चित्रं, एकेक कागद. ती भावाकडे सोपवली. मूळ कागद पुढे स्टुडिओ बंद झाला तेव्हा रद्दीत गेले.

“म्हणजे ती चित्रं असली तर त्या कॅसेटमध्येच?”

“असली तर ना. मी अख्खी दुपार बसून खेळले. त्या खड्ड्याशी जाऊन आपटले, आपटले, आपटले. त्याला विचारलं, माझा शेवट कुठाय? तर म्हणतो कसा, तिथेच आहे, गबदू तू काढलास, तुला नाही माहीत? वर तोंड करून मलाच टोमणा. जागा पुरली नसेल, फेकली असतील. तसं सांगायचं. मी काय खाल्लं असतं त्याला? तेव्हापासून मी बोलले नाही. त्यानेही फोन केला नाही.”

“सव्वीस वर्षं?”

“आमच्याकडे अबोला धरला की नीट धरतात,” मावशी म्हणाल्या, पण हे म्हणताना त्या खिडकीकडे बघत होत्या.

जागेचा विषय निघाल्यावर त्यांना दुसरं दुखणं आठवलं. गबदूच्या कपाटाची मूठ डाव्या बाजूला आहे. तेराही भागांत डाव्या बाजूला. पण गेममध्ये गबदू मागे वळला की मूठ टुणकन उजवीकडे जाते. धाकट्याने एकाच चित्राची दोन केली होती, आरशात धरावं तशी उलटवून. चिपमधली जागा वाचते म्हणे. “मी त्याला बजावलं होतं, माझी चित्रं उलटवायची नाहीत. कपाट म्हणजे काय पोळपाट आहे, कुठूनही सारखं दिसायला?”

“आणि मावशी, कार्टूनमध्ये गबदूपुढे खड्डा आला की तो काय करायचा?”

“काय करणार? जांभई द्यायचा. सगळं जग डोक्यावर घेतलंय आणि हा जांभई देतोय. जितका गोंधळ जास्त, तितकी जांभई मोठी. मग कपाट खाली ठेवायचा, आत शिरायचा आणि ताणून द्यायचा. उठेपर्यंत पूर ओसरलेला असायचा, पहारेकरी घरी गेलेला असायचा. तेच तर कार्टून होतं.”

चौकशीने हातातला कप तसाच खाली ठेवला.

भाऊ बस डेपोत सापडला. बसचं वेळापत्रक लावायचं काम करायचा. भिंतभर तक्ते, त्यावर रंगीत रेघा, आणि दर मिनिटाला कोणी ना कोणी कंडक्टर येऊन भांडून जायचा. हे काका मात्र ढिम्म. प्रत्येकाचं पुरतं ऐकून घेत आणि मग एक रेघ केसभर सरकवत. गबदूचं नाव काढल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“खेळ पूर्ण आहे,” ते म्हणाले.

“मग शेवट कसा येतो?”

“ते ताईला विचारा. गबदू तिचा आहे.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “मासिकवाल्याला नाही कळलं, त्याचं काही नाही वाटलं. हिला नाही कळलं. एवढं मी तिचं सगळं जसंच्या तसं घेतलं, आणि ही उड्या मारत बसली.”

त्यांनी कपाटातून एक वही काढली. पहिल्या पानावर लेव्हलची यादी होती. नऊ लेव्हल लिहिलेल्या होत्या, शेवटच्या तीनवर काट मारलेली.

“या का काढल्या?”

“जागा संपली.”

“कशात संपली?”

काकांनी वही मिटली. हा प्रश्न त्यांना आवडलेला दिसला नाही. चौकशी जिना उतरायला लागली तेव्हा मात्र मागून आवाज आला, “तिचा गुडघा कसाय?”

“ओढत चालतात जरा.”

“डॉक्टरकडे जात नसेल. बसून राहावं लागतं ना तिथे,” काका म्हणाले आणि पुन्हा तक्त्याकडे वळले.

गुरुवारी सकाळी तिसरी बैठक. मावशी यायला तयार नव्हत्या. “त्या खड्ड्यात पडायला मी आता दोन जिने चढू?” असं फोनवर म्हणाल्या, आणि ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधीच दारात हजर झाल्या. मेकॅनिकने कॅसेट लावली. पहिल्या पाच लेव्हल चौकशीने खेळायच्या आणि सहावीला मावशींच्या हाती द्यायचं, असं ठरलं. पण अंगात घबराट होती. एक जीव कुंडीखाली गेला, एक कुत्र्याने खाल्ला. सहाव्या लेव्हलला खड्ड्यापुढे गबदू उभा राहिला तेव्हा शेवटचा जीव उरला होता. हा गेला की पेटी सील, कार्ड छापायला, आणि त्यावर ‘अपूर्ण’.

चौकशीने कंट्रोलर मावशींच्या हातात दिला. “आता काहीच करू नका.”

“म्हणजे?”

“उडी मारू नका. कुठलंही बटण दाबू नका. घड्याळ संपू द्या.”

“वेडी आहेस का?” मेकॅनिक पहिल्यांदाच खुर्चीतून उठला. “शून्य झालं की मेला तो. जगातल्या कुठल्याही गेममध्ये मरतो.”

“या गेममध्ये मेलेला कोणी पाहिलाय?”

मेकॅनिकने विचार केला. “तसा नाही पाहिला. पण शून्य होऊ कोण देईल?”

घड्याळात साठ होते. मावशींचा अंगठा बटणावर चुळबुळत होता. हाताला काम नसलं की मला सुचत नाही, असं त्या पुटपुटल्या. चाळीस. तीस. दगड पडायला लागले, संगीताने वेग घेतला. आपण एवढं डोकं लढवलं ते चुकलं असेल तर या बाईच्या तोंडाकडे कसं बघायचं, असं चौकशीला वाटलं. वीस. लाल दिवे पेटले. मावशींनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारख्या.

दहा. आठ. गबदूने तोंड उघडलं.

“जांभई,” मावशी म्हणाल्या. “ही माझी कार्टूनमधली जांभई आहे. सात चित्रं.”

शून्य झालं आणि संगीत थांबलं. गबदूने पाठीवरचं कपाट उतरवलं, दार उघडलं, आत शिरला आणि दार लावून घेतलं. पडदा काळा झाला.

“गेला,” मेकॅनिक म्हणाला.

मग त्या जुन्या टीव्हीतून बारीक घोरणं ऐकू आलं. घोरणं बराच वेळ चाललं. एवढा वेळ तर कोणताही खेळणारा थांबला नसता, बटणं बडवली असती. मावशी हलल्या नाहीत. पडदा हळूहळू उजळला. खड्डा बुजलेला होता. खणणारे आपली फावडी खांद्यावर टाकून घरी चालले होते. कपाटाचं दार उघडून गबदू बाहेर आला, कपाट पाठीवर घेतलं आणि रस्ता ओलांडून त्या दारापुढे उभा राहिला.

मावशी उठून टीव्हीजवळ गेल्या आणि मोजायला लागल्या. एक, गबदूने घंटी दाबली. चार, दार उघडलं. नऊ, दारात चष्मा लावलेली एक चिमुकली उंदरीण. गबदूने कपाट घरात नेलं, वळला, पुन्हा वळला, दाराकडे वळला, खिडकीकडे वळला. उंदरीणबाईंनी कपाट उघडलं. आत फक्त एक उशी. त्यांनी उशीकडे पाहिलं, गबदूकडे पाहिलं. गबदूला जांभई आली. मग त्यांनाही आली. दोघं कपाटाला टेकून बसले आणि दोघांचे डोळे मिटले.

“एकेचाळीस,” मावशी म्हणाल्या. “सगळी आहेत.”

“आणि मूठ?” चौकशीने विचारलं.

“डावीकडे.” त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “चार वेळा वळला तो. चारही वेळा डावीकडे. एकही उलटवलं नाही.”

वहीतल्या त्या तीन खोडलेल्या लेव्हल चौकशीच्या डोळ्यांपुढे आल्या. जागा कशात गेली ते तिला कळलं: या एकेचाळीस न उलटवलेल्या चित्रांत. तिने मावशींना तेही सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं, पण त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही, कारण चित्र अजून संपलं नव्हतं.

बेचाळिसावं चित्र आलं. हे त्यांनी काढलेलं नव्हतं. ज्याला आयुष्यात सरळ रेघ मारता आली नाही अशा माणसाने ते काढलं होतं. पाणघोडा बटाट्यासारखा, कपाट एका अंगाला कललेलं, आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरांत दोनच ओळी: ‘चित्रं ताईची. खेळ माझा.’ बास, तेवढंच. चित्र पडद्यावर तसंच थांबून राहिलं.

मावशी बराच वेळ ते बघत राहिल्या. त्यांना रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही त्यांनी लपवलं नाही. मग एकदम त्यांचे डोळे बारीक झाले.

“फोन लाव त्याला,” त्या म्हणाल्या.

चौकशीने डेपोचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे कंडक्टरांचा गलका ऐकू येत होता, मग काकांचा आवाज आला.

“धाकट्या,” मावशी म्हणाल्या, “शेवटच्या चित्रात मूठ उजवीकडे काढलीस.”

गलका तसाच चालू राहिला. मावशी यावेळी थांबल्या, फोन कानाला लावून, अगदी निवांत.

“थांबलीस होय शेवटी?” काका म्हणाले.

“थांबले. घड्याळ शून्य होईपर्यंत थांबले, आणि वर तुझं ते घोरणंही ऐकलं. आता घरी ये, मूठ कुठे असते ते दाखवते.”

चौकशीने टेबलावरचं कार्ड ओढलं आणि त्यावरचा ‘अपूर्ण’ खोडला. मेकॅनिकला खूण करून ती त्याच्याबरोबर खोलीबाहेर आली आणि दार लोटून घेतलं. गुडघ्याचं आत काय बोलणं झालं ते तिने कधीच विचारलं नाही.